खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, पण हॉस्पिटलात आईला क्लेबसिएला लागला. घरी नेताना काय बघायचं?

वाशिष्ठी_काठ

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि भटकंतीचे धागे वाचून गपचूप निघून जाणारा. आज गरज पडली म्हणून लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आई ७९ वर्षांची. मधुमेह जुना, पण घरातलं सगळं हिंडून-फिरून करणारी. मोरीत पाय घसरला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. चिपळुणात एक्स-रे काढला आणि कुंभार्ली घाट चढून तडक कोल्हापूरला नेलं. ऑपरेशन झकास झालं. नवा बॉल बसवला, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभीही राहिली. आम्ही सुटलो म्हणून गावी फोन करून सांगितलंसुद्धा.

चार-पाच दिवसांनी तिच्या बोलण्यात घोळ सुरू झाला. मला तिच्या भावाच्या नावाने हाक मारायची, ‘गाय सोडलीस का रे’ म्हणून विचारायची. आमच्या गोठ्यात आता स्कूटर असते. ताप नाही, खोकला नाही. रात्रीच्या डॉक्टरांनी ‘वय झालं, जागा बदलली की होतं असं’ म्हणून झोपेचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बीपी कोसळलं आणि आयसीयूत हलवलं. रक्त आणि लघवी, दोन्ही कल्चरमध्ये (जंतू उगवून बघायची तपासणी) क्लेबसिएला न्यूमोनिए हा जंतू. मेरोपेनेम या हेवी अँटिबायोटिकसमोर ‘आर’, म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. मग कोलिस्टिन हे दुसरं अँटिबायोटिक लावलं. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.१ होतं ते २.४ वर गेलं, आता उतरतंय. आई शुद्धीवर आहे. चहात साखर नाही म्हणून सिस्टरशी भांडते, म्हणजे बरीच सुधारली म्हणायची.

दोन-तीन दिवसांत घरी न्या म्हणतात. लघवीची नळी अजून आहे. ‘राहू दे हो, तुमचा उठवायचा त्रास वाचेल,’ असं वॉर्डातले मामा म्हणाले. डॉक्टर त्याबद्दल काही बोलले नाहीत, आणि राऊंडला ते इतक्या घाईत असतात की आपलं तोंड उघडेपर्यंत पुढच्या खाटेवर पोचतात.

घरी बायकोचं केमो चालू आहे (स्तनाचा कॅन्सर, अजून दोन सायकल बाकी), आणि धाकट्या भावाचा दीड वर्षाचा मुलगा घरभर रांगत-धावत असतो. तर हा जंतू घरी पसरेल का? आईला वेगळ्या खोलीत ठेवू का? नळीचं काय करायचं? आणि हे हॉस्पिटलातूनच आलं ना, की आमचंच काही चुकलं? रोज डबा घेऊन चार माणसं जायची, ते मनाला लागून राहिलंय.

हॉस्पिटलचं नाव विचारू नका. माणसं कष्टाळू आहेत, मला कुणाला उघडं पाडायचं नाही.


कडक_चहा

नाव का नाही सांगायचं? लाखांत बिल घेतात आणि वर जंतू फुकट देतात! सरळ ग्राहक आयोगात खेचा. माझ्या सासऱ्यांच्या वेळी हेच झालं. धडधाकट माणूस हर्नियासाठी गेला आणि आयसीयू करून आला. विचारलं की एकच उत्तर, ‘पेशंटची प्रतिकारशक्ती कमी होती.’ अहो, कमी होती म्हणूनच तुमच्याकडे आणला ना?


इन्चार्ज_सिस्टर

कडक_चहा, कप जरा खाली ठेवा. तुमचं शेवटचं वाक्य मात्र मी जपून ठेवते. आमच्या इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या मीटिंगमध्ये हे कुणीतरी असंच म्हणायला हवं होतं.

वाशिष्ठी_काठ, मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून निवृत्त झाले. आधी सरकारी, मग ट्रस्टचं, शेवटी एक चकचकीत खासगी. तिन्हीकडे क्लेबसिएला भेटला. संगमरवरी फरशीचं त्याला काही पडलेलं नसतं.

आधी तुमच्या मनातलं काढून टाकते. दाखल झाल्यावर ४८ तासांनंतर जे इन्फेक्शन उगवतं, ते येताना अंगात नव्हतं असं धरून हॉस्पिटलच्या खाती लिहायचं, असा साधारण नियम आहे. तुमच्या आईचं त्यात सरळ बसतं. डबा आणणाऱ्या चार माणसांनी मेरोपेनेमला दाद न देणारा क्लेबसिएला चिपळूणहून आणला, असं होण्याची शक्यता फार कमी. हे जंतू वाढतात तिथे, जिथे रोज हेवी अँटिबायोटिक चालतात. आणि हे तुमच्याच हॉस्पिटलात घडतं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालात श्रीमंत देशांत दाखल होणाऱ्या १०० पेशंटमागे ७ आणि आपल्यासारख्या देशांत १५ जणांना हॉस्पिटलातलं एखादं तरी इन्फेक्शन होतं असा हिशोब दिलाय.

आता तो आत शिरतो कसा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नातेवाइकांना ही बाजू कुणी दाखवत नाही.

एका वॉर्डात एकामागोमाग एक युरीन कल्चर पॉझिटिव्ह यायला लागली. डॉक्टर म्हणत थिएटर बघा, थिएटरवाले म्हणत वॉर्ड बघा. मी पहाटे पाचला जाऊन वॉर्डात बसले. पहाटे पाचलाच, कारण तेव्हा रात्रपाळीला इनटेक-आउटपुटचा (पोटात किती गेलं, लघवी किती झाली याचा) तक्ता पुरा करायचा असतो. मामा प्लास्टिकचा एक जग घेऊन पहिल्या खाटेपासून निघाले. युरीन बॅगेची खालची तोटी उघडायची, जगात लघवी सोडायची, आकडा मोठ्याने सांगायचा, सिस्टर लिहून घेणार, जग बादलीत पालथा, चला पुढच्या खाटेकडे. हातात ग्लोव्ह्ज होते. एकच जोडी, शेवटच्या खाटेपर्यंत. आणि दर वेळी तोटीचं टोक जगाच्या काठाला टेकत होतं. त्या काठावरून जंतू तोटीत, तोटीतून बॅगेत, आणि बॅगेतून नळीच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरत वर मूत्राशयात. मामांना थांबवलं तर म्हणाले, ‘सिस्टर, ग्लोव्ह्ज घातलेत की!’ ग्लोव्ह्जने आपला हात घाण होत नाही, एवढं त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. पेशंटगणिक बदलायचे, हे शिकवायला कुणाला सवड मिळाली नव्हती. त्यांच्यावर ओरडून काय उपयोग? खाटेगणिक वेगळा जग, तोटी स्पिरिटने पुसायची, मधे ग्लोव्ह्ज काढून हात चोळायचे, एवढं सुरू केलं आणि पॉझिटिव्ह रिपोर्टची रांग थांबली. ते जग मंजूर करून घ्यायला स्टोअरने मला किती नाचवलं, त्यावर वेगळा धागा निघेल.

हातांचंही तेच. हँडरब, म्हणजे सॅनिटायझर, नीट चोळायला २० ते ३० सेकंद लागतात, साबण-पाण्याला ४० ते ६०. सगळ्यांना पाठ असतं. मी पडद्याआड उभी राहून मोजायचे. राऊंडला मोठे डॉक्टर हात चोळतात की नाही, यावर मागची सगळी पलटण चोळणार की नाही ते ठरतं. ते चोळले तर शेवटचा इंटर्नसुद्धा चोळतो.

म्हातारी माणसंच का सापडतात? खोकायला जोर नसतो, कफ आत राहतो. गिळताना ठसका लागून अन्न फुफ्फुसात जातं. कातडी पातळ, एका अंगावर पडून राहिलं की माकडहाडाजवळ फुटते. साखर जास्त. जेवण निम्मं टाकलेलं, त्यामुळे जखम भरायला प्रोटीन नाही. आणि त्यावर आपण सलाईनची सुई, लघवीची नळी, नाकातली नळी असं एकेक लावत जातो. जंतूला आयत्या वाटा.

तुमच्या आईचं बोलणं बिघडलं त्याबद्दल. या वयात इन्फेक्शनला ताप येईलच असं नाही. कधी अंग उलट गार पडतं. जेवण सोडणं, अचानक सुस्त होणं, मेलेल्या माणसांशी बोलणं, एवढीच खूण मिळते. त्या डॉक्टरांना मी इथे बसून दोष देणार नाही. मोठ्या ऑपरेशननंतर इन्फेक्शन नसतानाही असा भ्रम होतो. सोडियम उतरतं, लघवी तुंबते, पोट साफ नसतं, दुखणं सांगता येत नाही, चष्मा घरी राहिलेला असतो. पण कारण शोधायच्या आधी झोपेचं इंजेक्शन द्यायला माझा कायम विरोध राहिलाय. कुणावर पुन्हा अशी वेळ आली तर ड्युटी डॉक्टरला सांगा: ‘काल ही नीट बोलत होती, आज बोलत नाही. हा बदल एका दिवसातला आहे.’ ‘एका दिवसातला’ हे म्हणायला विसरू नका. नाहीतर ‘म्हातारपणाचा विसराळूपणा’ म्हणून फाईलवर लिहून मोकळे होतात.

आता नळी. उद्या राऊंडला डॉक्टर खाटेपाशी आले की ‘नमस्कार’ म्हणायच्याही आधी विचारा, ‘नळी कशासाठी ठेवलीय?’ लघवी तुंबते, तासातासाला मोजायची आहे, माकडहाडाशी जखम आहे आणि ती ओली होते, ही कारणं असतील तर ठीक. उठवायचा त्रास वाचतो, हे कारण नव्हे. नळीच्या दर दिवसागणिक लघवीत जंतू शिरण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते. महिनाभर ठेवली तर जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर सगळं सुरळीत असेल तर एक-दोन दिवसांत ती निघायला हवी. शिवाय नळी लावलेलं माणूस उठत नाही, आणि उठत नाही म्हणून छाती भरते, पाठ फुटते. एका नळीपायी चार दुखणी. मनगटावरच्या इंट्राकॅथबद्दलही हेच. औषध तोंडाने सुरू झालं असेल तर ती सुई कशाला? लाल झालंय, दुखतंय, दोरीसारखी शीर लागतेय, तर लगेच काढायला लावा.

घरचं. क्लेबसिएला आईच्या आतड्यात काही महिने मुक्काम ठोकून राहू शकतो. तिला त्रास देत नसेल तर राहू दे. धडधाकट माणसांना, त्या पोराला, त्याचं भय नाही. आजीच्या मांडीवर बसू दे. मात्र आजीचं डायपर बदलणारे हात साबणाने धुतल्याशिवाय पोराचा भात कालवायला गेले नाहीत पाहिजेत. ताट-वाटी वेगळी नको, नेहमीच्या साबणाने घासलेली चालते. टॉवेल वेगळा. खराब झालेले कपडे वेगळे, गरम पाण्यात, मग कडक उन्हात. संडासाची सीट, फ्लशचं बटण आणि नळाची चावी रोज ब्लीचच्या पाण्याने पुसा. घरभर फिनेलचा पाऊस पाडायची गरज नाही.

तुमच्या मंडळींची काळजी मात्र खरीच घ्यायची. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. डायपर, बॅग, जखमेचं ड्रेसिंग यातलं काहीही त्यांनी करायचं नाही. सुनेने नाही केलं तर लोक काय म्हणतील, हा विचार तुमच्या घरात कुणी करत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. दोन संडास असतील तर एक आईला. आणि त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगून ठेवा की घरात असा पेशंट आहे. त्यांना ताप आला तर कोणतं औषध द्यायचं, हे त्यावरून ठरू शकतं.

कडक_चहांसाठी एक कामाचं. भांडायचं असो वा नसो, फाईलची पूर्ण प्रत मागा. लेखी मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२च्या नियमांत आहे. त्यात नळी कधी घातली आणि रोज तिची गरज तपासली का, याची नोंद बघा. ती नोंदच नसेल तर त्यातच बरंच काही आलं.


पेट्रीडिश

सिस्टरना दंडवत. मी लॅबच्या बाजूचा, मायक्रोबायॉलॉजीत आयुष्य चाललंय.

वाशिष्ठी_काठ, तुमच्या रिपोर्टवर कोलिस्टिनसमोर बहुधा ‘आय’ (मधलं) असेल, ‘एस’ (जंतू दाद देतो) नसेल. घाबरू नका. २०२०पासून अमेरिकी मानकांत कोलिस्टिनसाठी ‘एस’ हा रकानाच काढून टाकलाय. औषध एवढं बेभरवशाचं की ‘हमखास चालेल’ असं लिहायलाच मनाई. हे १९५०च्या दशकात वापरात आलेलं, किडनी बिघडवतं म्हणून मागे पडलेलं. मेरोपेनेम हरायला लागलं तसं अडगळीतून पुन्हा बाहेर काढावं लागलं. क्रिएटिनिन चढणं हा त्याचा नेहमीचा हिसका. औषध थांबल्यावर बहुतेकांचं उतरतं, पण घरी गेल्यावर आठवड्याने एकदा तपासा. आणि गुडघा दुखतो, पाय दुखतो म्हणून मेडिकलमधून आईला वेदनाशामक गोळी आणू नका. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक यातलं काही नाही. किडनी आत्ता ते सोसणार नाही.

मेरोपेनेमला न जुमानणाऱ्या क्लेबसिएलाकडे आपल्याकडे बऱ्याचदा एनडीएम नावाचं, औषध तोडणारं एन्झाइम असतं. नावातच नवी दिल्ली आहे. २००८मध्ये स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका पेशंटच्या नमुन्यात ते सापडलं. तो त्याआधी दिल्लीत दाखल होता. पुढे २०१०मध्ये लॅन्सेटच्या साथरोगांच्या मासिकात मोठा लेख आला तेव्हा आपल्याकडे नावावरूनच एवढा गदारोळ झाला की जंतू बाजूलाच राहिला. आता त्यावर सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम आणि ॲझट्रिओनाम अशी जोडी लावतात. एनडीएम ॲझट्रिओनामला तोडू शकत नाही, आणि जंतूकडची बाकीची एन्झाइम त्याला तोडायला आली तर अव्हिबॅक्टम त्यांना अडवतं. महाग प्रकरण आहे, पण किडनीला कोलिस्टिनपेक्षा सुसह्य. पुढे कधी वेळ आली तर हे नाव डॉक्टरांपुढे काढायला हरकत नाही.

लॅबवाल्याचं एक गाऱ्हाणं. आमच्याकडे अर्धे नमुने युरीन बॅगेतून काढलेले येतात. बॅगेत कालपासून साचलेली लघवी, तीही उबदार. तिच्यात काय नाही उगवणार! नळीला नमुना घ्यायची वेगळी जागा असते, तिथून सिरिंजने काढायचा. आणि रक्ताचं कल्चर अँटिबायोटिकच्या आधी. ‘आधी मेरो देऊया, कल्चर नंतर पाठवू’ असं झालं की बाटलीत काही उगवत नाही, आणि मग आठवडाभर आंधळेपणाने औषध चालतं.


तिकडची_सून

मी नाशिकची, आता बर्मिंगहॅमला वॉर्डात नर्स आहे. सासरे इकडे आले तेव्हाची गोष्ट सांगते.

त्यांची बायपास आदल्या वर्षी भारतात झालेली. इथे छातीत दुखलं म्हणून दाखल केलं. पहिला प्रश्न, ‘गेल्या १२ महिन्यांत परदेशात हॉस्पिटलात होता का?’ होय म्हटल्याबरोबर त्यांना एकट्याच्या खोलीत हलवलं, दारावर पाटी लावली, आत येणारा प्रत्येक जण ॲप्रन आणि ग्लोव्ह्ज घालून. वर गुदद्वारातून स्वॉब घेणार म्हणाले. सासऱ्यांचा संताप! ‘मला वाळीत टाकलंय का? मी बँकेत मॅनेजर होतो!’ मी तिथलीच नर्स, तरी घरी मलाच ऐकून घ्यावं लागलं. पेट्रीडिश म्हणतात तेच जंतू शोधायचे असतात. आतड्यात गुपचूप बसलेले असतात म्हणून तिथूनच स्वॉब. त्यांचा निगेटिव्ह आला आणि पाटी उतरली.

आणि हे लोक जन्मजात शहाणे नव्हेत बरं का. इंग्लंडच्या मेडस्टोन आणि टनब्रिज वेल्सच्या हॉस्पिटलांत २००४ ते २००६ या काळात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब लावणाऱ्या जंतूने थैमान घातलं होतं. २००७च्या चौकशी अहवालात साधारण ९० मृत्यू नक्की किंवा बहुधा त्याच जंतूमुळे झाले असं म्हटलंय. खाटा एकमेकींना खेटून, नर्स कमी, म्हाताऱ्या पेशंटना ‘अंथरुणातच करा’ म्हणून सांगितलेलं. त्यानंतर चाव्या फिरल्या. आता प्रत्येक हॉस्पिटलचे आकडे जाहीर होतात, कुणीही पाहू शकतं. एमआरएसए हा औषधांना न जुमानणारा दुसरा जंतू रक्तात सापडल्याच्या केसेस मोजणं तर २००१पासूनच सक्तीचं आहे. आम्हाला मनगटावर घड्याळ घालता येत नाही, बाह्या कोपराच्या वर. मंगळसूत्र कपड्यांच्या आत असलं तर कुणी काही म्हणत नाही.

वाशिष्ठी_काठ, तो क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल लक्षात ठेवायला सांगतेय, कारण तुमच्या आईला हेवी अँटिबायोटिक झालेत. येत्या काही आठवड्यांत पातळ जुलाब सुरू झाले, दिवसातून तीनपेक्षा जास्त, तर घरच्या घरी जुलाब थांबवायची गोळी देऊ नका. डॉक्टरांना ‘अँटिबायोटिक झालेत’ हे सांगून दाखवा. आणि त्या जंतूच्या बीजाणूंना सॅनिटायझर काही करत नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं. ॲसिडिटीची गोळी उगाच चालू असेल तर तीही बंद करता येते का विचारा. तिच्यामुळेही हा जंतू फोफावायला वाव मिळतो.


कडक_चहा

सिस्टर, कप खाली ठेवला. सासऱ्यांची फाईल मागवतो. पण एक सांगा, तिकडे आकडे जाहीर होतात, आपल्याकडे का नाही? हॉटेलात जाताना आपण स्टार बघतो. हॉस्पिटल निवडताना काय बघायचं, लॉबीतला धबधबा?


इन्चार्ज_सिस्टर

मोजदाद होतच नाही असं नाही. एनएबीएच हे दर्जाचं मानांकन असलेल्या हॉस्पिटलला नळीचं, व्हेंटिलेटरचं, सेंट्रल लाइनचं (मोठ्या शिरेत घातलेली नळी), टाक्यांचं इन्फेक्शन दर महिन्याला मोजावंच लागतं. १००० नळी-दिवसांमागे किती, असा हिशोब असतो. एम्स दिल्लीकडून देशभरातल्या हॉस्पिटलांचं असं नोंदणीचं जाळंही चालतं. फक्त तो कागद पेशंटपर्यंत येत नाही. ऑपरेशन ठरलेलं असेल, घाई नसेल, तर आधी जाऊन विचारा: ‘इन्फेक्शन कंट्रोल नर्स कोण आहेत? मला दोन मिनिटं भेटायचंय.’ आकडा देतील न देतील, पण ती बाई खरोखर आहे का, आणि रिसेप्शनला तिचं नाव माहीत आहे का, हे कळतं. खासगीत मी होते तेव्हा रिसेप्शनवाली मुलगी मला वर्षभर फिजिओ समजत होती.

अवांतर झालं. वाशिष्ठी_काठ कुठे आहेत?


वाशिष्ठी_काठ

आहे आहे. सगळ्यांचे आभार, एकेकाला वेगळं लिहीत बसत नाही. सिस्टर, तुमचं वाक्य पाठ करून राऊंडला उभा राहिलो. ‘नळी कशासाठी ठेवलीय?’ डॉक्टर थांबले, फाईल उलटली, मागे वळून ज्युनिअरला म्हणाले, ‘अजून आहे?’ दुपारी नळी काढली. डॉक्टर चिडले नाहीत, उलट आईच्या खांद्यावर हात ठेवून गेले. (हात चोळले होते. मी पाहिलं.)

आता दोन शंका. नळी काढल्यापासून आई थोडी-थोडी आणि सारखी जाते, एकदा अंथरुणात झाली. रात्रीची सिस्टर म्हणतेय की इन्फेक्शन परत आलं असेल, कल्चर पाठवू का? आणि दुसरी म्हणजे गाव. आई येणार कळल्यावर वाडीतली सगळी मंडळी भेटायला येणार. काहींनी गाडी ठरवलीय. नाही म्हणणं आमच्याकडे शक्य नाही.


इन्चार्ज_सिस्टर

शाबास! ‘अजून आहे?’ हे मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की काही विचारू नका. नळी घातल्याचं पहिले दोन दिवस सगळ्यांच्या लक्षात असतं. मग ती खाटेचाच भाग होऊन जाते.

नळी निघाल्यावर एक-दोन दिवस असं थोडं-थोडं होतं, मूत्राशय सवय विसरलेलं असतं. पण थोडी-थोडी जाते म्हणजे आत तुंबूनही असेल, आणि तुंबलेली लघवी हेच पुढच्या इन्फेक्शनचं मूळ. तेव्हा कल्चरच्या आधी, लघवी झाल्या-झाल्या पोटावरून सोनोग्राफी करून आत किती उरते ते मोजायला सांगा. ते दोन मिनिटांचं काम आहे. उरत नसेल तर दर दोन-तीन तासांनी, लागो न लागो, कमोडच्या खुर्चीवर बसवायचं. पोट साफ राहील असं बघा, बद्धकोष्ठाने लघवी अडते.

कल्चर आत्ता नको. ताप नाही, जळजळ नाही, ओटीपोटात दुखत नाही, बोलणं ताळ्यावर आहे, मग नुसतं ‘बघूया’ म्हणून पाठवू नका. जंतू सापडणारच, आणि कागदावर आला की कुणीतरी औषध सुरू करणार. पेट्रीडिश, बरोबर ना? घरी गेल्यावरही महिन्याने ‘जंतू गेला का बघू’ म्हणून लॅबमध्ये बाटली देऊन येऊ नका. मात्र नव्या सांध्यावर लक्ष ठेवा. रक्तात जंतू फिरून गेलाय, तो धातूवर जाऊन बसू शकतो. पुढचे ९० दिवस तरी खुब्यात नव्याने ठणका, टाक्यांतून पाणी, थंडी वाजून ताप यातलं काही झालं तर थेट ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे. गावातल्या गावात गोळ्या घेऊन वाट पाहायची नाही.

डिस्चार्ज कार्डावर जंतूचं नाव, तो कशाला दाद देत नाही, नळी कधी काढली आणि क्रिएटिनिनचा शेवटचा आकडा, एवढं लिहून घ्या. पुढच्या वेळी कुठेही दाखल करायची पाळी आली तर ते कार्ड सगळ्यात आधी पुढे करा. त्यावरून पहिलं औषध नीट निवडता येतं.

वाडीतली मंडळी: ओटीवर बसवा, चहा द्या. आत एका वेळी दोघं, खाटेवर बसायचं नाही, सर्दी-खोकलेवाला बाहेरच. दाराशी बादली, तांब्या आणि साबण ठेवा आणि कुणातरी जरा तोंडाळ आत्याला तिथे उभं करा. तुमच्या मंडळींची केमोची तारीख जवळ असेल तर त्या दिवशी त्यांना माहेरी पाठवा, पाहुण्यांचा चहा करायला ठेवू नका.


वाशिष्ठी_काठ

सोनोग्राफी झाली. आत ६० मिली उरते, एवढं चालतं म्हणाले. कल्चर नाही पाठवलं. परवा सकाळी निघतोय, कमोडची खुर्ची कऱ्हाडहून उचलणार आहे.

तोंडाळ आत्या आमच्याकडे दोन आहेत. पाळी लावतो.